बिस्किटाच्या पुड्यावरचं ३२२ अन् आपलं सोयाबीन

बिस्किटाचा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचा, इमल्सिफायर ३२२ लिहिलेलं दिसंल. ते म्हणजे लेसिथिन, तेल अन् पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागते, पण हे त्यातूनच निघतं हे लई जणांना माहीत नाही, सगळे फक्त आज भाव काय निघाला एवढंच विचारतेत.

सुरुवात मात्र अंड्यापासून झाली. गोब्ले नावाच्या फ्रेंच केमिस्टनं १८४० च्या दशकात अंड्याच्या पिवळ्या बलकातून हा चिकट पदार्थ वेगळा काढला आणि १८५० मध्ये त्याला नाव दिलं लेसिथिन, कारण ग्रीक भाषेत बलकाला लेकिथोस म्हणतात. म्हणजे हिरव्या ठिपक्याच्या बिस्किटात सोयाचं असलं तरी नाव अजून अंड्याचंच (आमच्या माळकरी आजीला हे सांगितलेलं नाही).

अंड्यातून काढायचं म्हणजे खर्चिक काम. १९२० च्या दशकात जर्मनीत हॅम्बुर्गकडं सोयाबीनचं तेल सॉल्व्हंटनं (म्हणजे तेल विरघळवून घेणाऱ्या द्रावकानं) काढायला लागले, तर त्याला गाद यायची, घाण्यावरून करडईचं तेल आणल्यावर डब्याच्या बुडाला बसते ना तसली, पण लई जास्त. ही गाद म्हणजे डोक्याला ताप होता, मग कळलं की हेच तर लेसिथिन. आजही रीत साधारण तीच आहे, कच्च्या तेलात थोडं पाणी घालून गरम करायचं, गाद पाणी पिऊन फुगते अन् जड होते, ती सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, वेगळी काढून वाळवायची. तिच्या कणाचं एक टोक तेल धरतं, दुसरं पाणी, म्हणून क्रीम फुटत नाही. चॉकलेटमध्ये तर शेकडा अर्धा टक्का घातलं तरी ते पातळ होऊन साच्यात नीट पसरतं आणि महागाचं कोको बटर वाचतं, कंपन्यांचा खरा जीव तिथंच अडकलाय.

आपल्याकडं सोयाबीन तसं अलीकडचंच. १९६०-७० च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठानं अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं मध्य प्रदेशात ते रुजवलं, नंतर १९९४ ला जेएस ३३५ वाण आलं आणि मराठवाड्यात शिवारंच्या शिवारं सोयाबीनची झाली. आपलं सोयाबीन जीएम (जनुकात बदल केलेलं) नाही, म्हणून इथल्या लेसिथिनला बाहेरच्या देशात वेगळी मागणी असते. आडत्याच्या पट्टीवर त्याचं काही दिसत नाही ते सोडा.

आणि आता ज्यांना सोयाची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी कंपन्या सूर्यफुलाचं लेसिथिन वापरतेत. सूर्यफूल आपल्याकडं होतंच की, आता आख्ख्या शिवारात हुडकावं लागतं.