गावाचा आरोग्याचा प्रश्न आराखड्यात कसा घालायचा? निवेदन, ठराव आणि अडणारे कागद

पावसाळा लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, शिरोळ, हातकणंगलेच्या गावांतून एकाच मजकुराची निवेदनं निघतात. 'गावात गढूळ पाणी येते, तापाचे रुग्ण वाढले आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.' खाली पानभर सह्या, शेजारी निवेदन देतानाचा फोटो. मग तो कागद जिल्हा परिषदेतून पंचायत समितीत, तिथून ग्रामपंचायतीत 'पुढील कार्यवाहीस्तव' म्हणून परत येतो आणि फाईलला लागतो. गावपातळीवरचा आरोग्याचा खर्च निवेदनावर होतच नाही, तो ठरावावर होतो. त्यामुळे सह्या गोळा करण्याआधी पुढचं वाचा.

पैसा मुख्यतः दोन हेडमधून, म्हणजे खर्चाच्या खात्यांतून, येतो. पहिलं, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. नाव एवढं लांब, आणि गावात विचारलं तर सदस्यांनाच कधीकधी पत्ता नसतो की आपण तिच्यात आहोत. सरपंच किंवा ग्रामपंचायत सदस्य अध्यक्ष, सोबत अंगणवाडी सेविका, आशा, बचत गटाच्या बायका वगैरे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून या समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी मिळतो, म्हणजे कुठल्या एका कामाला आधीच न बांधलेला. गटार बांधा, मोटार बसवा असल्या मागण्या इथे आणल्या की परत जाणारच. हा पैसा विहिरीभोवतीची स्वच्छता, डास अळी शोधमोहीम, कुपोषित पोरांचा आहार, अगदी गरीब घरातल्या रुग्णाला तातडीनं दवाखान्यात न्यायची गाडी, अशा बारक्या कामांचा. एकाच घराच्या फायद्याचं काम बसत नाही. अपवाद निराधार, अतिगरीब कुटुंबांचा.

दुसरं हेड म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा, गावात वर्षभरात कुठली कामं करायची त्याची यादी. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायची होती: ३० टक्के पिण्याच्या पाण्याला, ३० टक्के स्वच्छतेला. पाण्याची मागणी बंधितमध्ये दाखवली असती तर ती रस्त्याशी आणि सभामंडपाशी भांडली नसती. पण लोक ती उरलेल्या ४० टक्क्यांत टाकत, आणि तिथे सभामंडप जिंकायचा. तेव्हा मागणी लिहिताना पैसा कुठल्या हेडमधला, ते आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

मागणी कोण करू शकतो? गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. इथे बरेच अडकतात. गोकुळ शिरगाव, शिरोली एमआयडीसीत कामाला येऊन आजूबाजूच्या गावांत भाड्यानं राहणारी कुटुंबं, ऊसतोडीच्या हंगामात पालं ठोकून राहणारी माणसं, यांचं मतदान दुसरीकडे. आजारी पडायचं इथं आणि बोलायचा हक्क तिकडं! त्यांचा प्रश्न आशाताईंमार्फत समितीच्या बैठकीत आणावा, किंवा गावातल्या मतदारानं आपल्या नावानं मांडावा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, तिथला मुद्दा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. ही वाट फारसं कुणी वापरत नाही, आणि तीच सगळ्यात सोपी आहे.

आता तारीख. आराखड्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. लोक मात्र २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तावातावानं उठतात. तोवर आराखडा बहुधा ठरलेला असतो. मग सभेत 'पुढच्या वर्षी बघूया की' हे उत्तर, आणि तेही नुसतं तोंडी. विषय १५ ऑगस्टच्या सभेत आणा, म्हणजे ऑक्टोबरला तो यादीत असेल. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्यामुळे तुमचा लेखी अर्ज नोटीस निघायच्या आत ग्रामपंचायतीत पोहोचला पाहिजे, आणि पोच घेतलीच पाहिजे. आयत्या वेळच्या विषयात घुसवलेला मुद्दा बऱ्याचदा 'चर्चा झाली' एवढ्यावर संपतो.

यात एक खाच आहे. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे विषयपत्रिकेवर नसलेला नवा विषयही घेता येत नाही. सभा मोडली की 'आता आरामात मांडू' असं समजून जाणाऱ्यांचा तिथेच पचका होतो.

कागदपत्रांत ओळखपत्र, मतदार यादीतला क्रमांक वगैरे किरकोळ. खरी अडचण पुराव्याची. पाण्याच्या प्रश्नात तीन गोष्टी मागा. एक, स्रोताचं कार्ड. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाणीस्रोतांची पाहणी होते आणि धोक्यानुसार लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. गावकऱ्यांकडे हे कार्ड नसतं, ग्रामपंचायतीत मागा. तिथे नाही म्हणाले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद विचारा. दोन, जलसुरक्षकाची (गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाची) ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणाऱ्या चाचणीची, नोंदवही. ही वही नीट बघा. महिनाभर रोज एकाच पेनानं, एकाच हातानं, पाणी योजना बंद होती त्या दिवशीसुद्धा 'ओटी पॉझिटिव्ह' लिहिलेलं असेल, तर त्या पानाची नक्कल हाच तुमचा पुरावा. तीन, प्रयोगशाळेचा अहवाल.

अहवालापाशी माणसं हमखास अडतात. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नळाचं पाणी भरून नेतात आणि प्रयोगशाळेत ते घेत नाहीत. जैविक तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, ती प्रयोगशाळेकडूनच घ्यायची, आणि नमुना थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवायचा. स्वतः नेलेल्या नमुन्यावर 'कुठलं पाणी कोण जाणे' असा आक्षेप येतो. म्हणून उपकेंद्राच्या आरोग्य सेवकाला सोबत घ्या. कुठला नळ, किती वाजता, कोणासमोर, हे नमुना पत्रकावर लिहून घ्या. तेवढं केलंत की कुणाला पळवाट राहत नाही.

ठरावाची भाषा हा शेवटचा अडसर. 'गावातील आरोग्याचा प्रश्न सोडवावा' हा ठराव नव्हे. असं लिहा: 'अमुक वॉर्डातील, अमुक ठिकाणच्या विहिरीस लाल कार्ड असून सोबत तपासणी अहवाल जोडला आहे. सदर विहिरीस कट्टा व झाकण करणे आणि नियमित क्लोरिनेशन करणे या कामाचा समावेश पाणीपुरवठ्यासाठीच्या निधीतून आराखड्यात करण्यात यावा.' खाली सूचक, अनुमोदक, दोघांची नावं. ठरावाला क्रमांक पडला का, ते सभेतच वहीत बघा. शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा सोडून सह्या घेतल्या जात असतील तर हसतहसत का होईना, त्या जागेवर रेघ मारून घ्या, म्हणजे मागाहून काही घुसवता येणार नाही.

नंतर ठरावाची नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. दोन विषय एकत्र केलेत की परत पाठवायला त्यांना बरंच. उत्तराची मुदत तीस दिवस, न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

लोकशाही दिनाबद्दल, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवसाबद्दल, मोठा गैरसमज आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो असतो, म्हणून लोक त्याच सकाळी निवेदन घेऊन कसबा बावड्याच्या रस्त्यानं निघतात. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी द्यायचा असतो, तोही तालुक्याच्या लोकशाही दिनात दाद मागून झाल्यावर. आणि मुख्य म्हणजे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. 'आमच्या गावात साथ आहे' हा अर्ज तिथे नियमानंच बाद. ज्या माणसाला सगळ्या गावासाठी बोलायचंय त्याला हे सांगताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं, पण नियम तसा आहे. 'माझ्या घराच्या नळाला दूषित पाणी येते, ठराव क्रमांक अमुक असूनही काम झालेलं नाही' असं लिहिलं तर अर्ज बसू शकतो.

कोल्हापूर शहरात ग्रामसभा नाही, त्यामुळे वरचं बरंचसं लागू नाही. महापालिकेच्या गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांपैकी आपलं कुठलं, ते आधी बघा. चुकीच्या खिडकीवर दिलेला अर्ज तिकडून इकडं यायलाच वेळ खातो. पाणी, कचरा आणि डास यांचे विभाग वेगळे आहेत. तिन्हींचे तीन स्वतंत्र अर्ज द्या आणि तिन्हींच्या तीन पोचा घ्या.