गाडी लागते? मग भूलतज्ज्ञांना सांगा

ऑपरेशनआधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञ विचारतात, "तुम्हाला गाडी लागते का?" पित्ताशय काढायचंय, त्यात घाटातल्या एसटीचं काय, असं पेशंटला वाटतं. पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे, आतड्याचे आणि रक्तातल्या औषधांचे संदेश शेवटी मेंदूच्या खालच्या भागातल्या त्याच जाळ्यात पोचतात, आणि उलटीचा हुकूम तिथूनच सुटतो.

खबरदारी घेतली नाही, तर पूर्ण भूल दिलेल्या साधारण दहांतल्या तिघांना नंतर उलटी होते किंवा मळमळतं. ताज्या टाक्यांवर उमासे म्हणजे काय, ते ज्याने सोसलंय त्यालाच विचारावं.

भूलतज्ज्ञ ख्रिश्चन आफेल आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये हा धोका चार गोष्टींवरून मोजायची सोपी रीत दिली. पेशंट बाई आहे का, धूम्रपान करत नाही का, गाडी लागते किंवा पूर्वी भुलीनंतर उलटी झाली होती का, आणि नंतर मॉर्फिनसारखी वेदनाशामकं लागणार आहेत का. एकही 'हो' नसेल तर धोका सुमारे 10 टक्के, चारही असतील तर 80च्या घरात. (धूम्रपान करणाऱ्यांना त्रास कमी होतो हे खरं, म्हणून कोणी विडी पेटवू नये.)

आफेल यांच्याच 2004 च्या पाच हजारांवर पेशंटच्या अभ्यासात दिसलं, की ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल यांतलं प्रत्येक औषध धोका जवळपास पाव हिस्स्याने घटवतं. दुसरं औषध उरलेल्यातला पाव हिस्सा कापतं. म्हणजे 80 चे 60, मग 45. ज्याचा धोकाच 10, त्याचे मात्र जेमतेम साडेसात होतात. सगळ्यांना सरसकट इंजेक्शनं टोचण्यापेक्षा तो एक प्रश्न विचारणं म्हणूनच शहाणपणाचं.

वेळही सांभाळावी लागते. डेक्सामेथासोनचा परिणाम सावकाश होतो, म्हणून ते सुरुवातीला देतात; तेही पेशंट झोपल्यावर, कारण जागेपणी शिरेतून झटकन दिलं तर जांघेत विचित्र आग होऊ शकते. ऑन्डान्सेट्रॉन सहसा शेवटाकडे देतात. धोका जास्त असेल तर वासाची भूल टाळून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध शिरेतून चालू ठेवतात, किंवा जमेल तिथे त्या भागापुरतीच भूल देतात.

एवढं करूनही उलटी झालीच, तर सहा तासांच्या आत तेच औषध पुन्हा देऊन फारसा उपयोग होत नाही. वेगळ्या गटातलं द्यावं लागतं.