पचनसंस्थेचं मॉडेल घेतलंत, आता खोक्यातला हा कागद पण वाचा

मॉडेल घेतल्याबद्दल थँक्यू. बहुतेक लोक खोकं उघडलं की आधी जठर काढून हातात घेतात आणि हा कागद थर्माकोलसोबत कचऱ्यात जातो, मग चार दिवसांनी फोन येतो की जठर एवढंसं आणि लहान आतडं एवढं ढीगभर का दिलंय, चुकून दुसऱ्याच मॉडेलचं तर नाही ना आलं. नाही हो, बरोबर आलंय. आपण बोलताना "पोटात जिरतं" म्हणतो त्यामुळे जठर म्हणजेच पचन असं डोक्यात बसलेलं असतं, पण जठर म्हणजे फार तर गोडाऊन आणि मिक्सर. ऑपरेशनमध्ये अख्खं जठर काढलेली माणसंही थोडं थोडं खाऊन आणि बी-१२ ची इंजेक्शनं घेऊन जगतात, लहान आतडं मात्र जवळपास सगळं गेलं तर पोषण थेट शिरेतून द्यावं लागतं. काम कुठे चालतं ते इथेच कळलं.

आता एक करा. मॉडेलच्या ओठांवर बोट ठेवा आणि घास जातो त्या वाटेने सरकवत सरकवत शेवटपर्यंत न्या. बोट कुठेही भिंत ओलांडून आत गेलं नाही ना? तीच तर मजा आहे, तोंडापासून गुदद्वारापर्यंत ही एकच लांबलचक नळी आहे, दोन्हीकडून उघडी, आणि गिळलेला घास नळीत असेपर्यंत तसा शरीराच्या बाहेरच असतो. नळीची भिंत ओलांडून रक्तात गेला तरच तो आपला झाला, आणि भिंतीतून जाण्याइतके बारीक तुकडे करणं यालाच पचन म्हणायचं.

तोंडाबद्दल थोडक्यात. दिवसाला साधारण 1 ते 1.5 लिटर लाळ सुटते आणि तिच्यातलं अमायलेज नावाचं एन्झाईम (म्हणजे अन्न तोडायचं काम भराभर करणारं प्रोटीन) स्टार्च तोडायला लगेच सुरुवात करतं. पटत नसेल तर साध्या ब्रेडचा तुकडा न गिळता मिनिटभर चावत बसा, हळूहळू गोडसर लागायला लागेल, ती साखर कोणी टाकलेली नाही, तुमच्या लाळेने बनवलीय. पुढची अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटरची, टूथपेस्टची ट्यूब मागून दाबत आणावी तशी ती घास पुढे ढकलते, त्यामुळे डोकं खाली पाय वर करूनही गिळता येतं (करून बघू नका, ठसका लागला तर आम्हाला फोन करू नका).

जठरात हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि पेप्सिन असतं. ॲसिडमुळे प्रोटीनची गुंडाळी उलगडते, बरेचसे जंतू मरतात आणि पेप्सिन चालू होतं, ते मग प्रोटीनचे मोठे मोठे तुकडे पाडतं. जठर स्वतः कसं जिरत नाही हा वर्गातला ठरलेला प्रश्न, तर आतून शेंबडासारख्या चिकट पदार्थाचा जाड थर असतो, मॉडेलमध्ये तो चकचकीत गुलाबी दाखवलाय.

हे सगळं कळलं कसं त्याचा किस्सा भारी आहे. 1822 साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला चुकून बंदुकीची गोळी लागली, जीव वाचला पण पोटावरचं भोक बुजलंच नाही, थेट जठरात उघडणारी खिडकीच म्हणा ना. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर विल्यम ब्यूमाँट रेशमी दोऱ्याला खाण्याचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचे आणि तासाभराने ओढून काढून बघायचे काय उरलंय. जठरातला रस बाटलीत काढून, उबदार ठेवून त्यात मांस टाकलं तर ते बाहेरही विरघळतं हे त्यांनी दाखवलं, म्हणजे जठर नुसतं दळत नाही, तिथे केमिस्ट्री चालते. 1833 साली त्यांनी हे सगळं छापून प्रसिद्ध केलं. त्या बिचाऱ्या सेंट मार्टिनला हे सगळं किती आवडत असेल हा भाग वेगळा, तो मधेच सोडून घरीही गेला होता.

दोन-चार तासांत जठर आपला लगदा थोडा थोडा करून पुढे सोडतं, तेलकट तुपकट असेल तर अजून वेळ लागतो. आता मॉडेलमधलं लिव्हर वर उचला, खाली हिरवी पिशवी दिसेल ते पित्ताशय, आणि जठराच्या मागे आडवं पिवळं दिसतं ते स्वादुपिंड. दोघांच्या नळ्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये, एकाच ठिकाणी उघडतात, ते छोटं भोक आम्ही मुद्दाम कोरलंय, टाचणी घालून बघा. स्वादुपिंडाचा रस आधी ॲसिड मारतो आणि मग त्यातली एन्झाईम्स स्टार्च, प्रोटीन, फॅट तिघांवरही तुटून पडतात. पित्तात एन्झाईम नसतं, त्याचं काम भांडी घासायच्या साबणासारखं, फॅटचे मोठे थेंब फोडून बारीक करायचे म्हणजे एन्झाईमला पकड मिळते. पित्त लिव्हर बनवतं, पित्ताशय फक्त साठवतं, हे उलटं सांगणारे खूप भेटतात. आणि लगदा आला हे स्वादुपिंडाला कळतं कसं? ड्युओडेनमची भिंत ॲसिड लागलं की रक्तात सिक्रेटिन सोडते, बेलिस आणि स्टार्लिंग या दोन इंग्लिश शास्त्रज्ञांनी 1902 साली शोधलेलं, आणि हॉर्मोन म्हणून ओळखलं गेलेलं हे पहिलं.

आता खोक्यातला वेगळा चौकोनी ठोकळा घ्या, ज्याला लोक पॅकिंगचा तुकडा समजतात. ती लहान आतड्याची आतली भिंत आहे, खूप मोठी करून दाखवलेली. त्यावरचे बोटांसारखे उंचवटे म्हणजे रसांकुर, व्हिलाय, खऱ्यात एकेक जेमतेम 1 मिलिमीटरचा आणि त्याच्या पेशींवर अजून बारीक केस, मायक्रोव्हिलाय. शेवटची तोडफोड या केसांवरच होते, दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज इथेच बसलेलं असतं, ते कमी पडलं की दूध प्यायल्यावर पोट फुगतं. एक कबुली पण द्यायचीय, आमच्या जुन्या कागदावर आतड्याची आतली भिंत टेनिस कोर्टाएवढी असं छापलं होतं, सगळीकडे तसंच लिहिलेलं असायचं, पण 2014 साली नीट मोजून आलेला आकडा साधारण 32 चौरस मीटर आहे, म्हणजे बॅडमिंटन कोर्टाच्या निम्म्याहून कमीच. जुना कागद असेल तर खोडून टाका.

ठोकळ्याच्या कापलेल्या बाजूला प्रत्येक बोटात लाल जाळी आणि मधे एक पांढरी नळी दिसेल. ग्लुकोज आणि अमिनो ॲसिड (प्रोटीनचे सुटे तुकडे) लाल जाळीत, म्हणजे रक्तात जातात आणि तिथून सरळ लिव्हरकडे. फॅट मात्र पांढऱ्या नळीतून लिम्फमध्ये, म्हणजे रक्ताहून वेगळ्या नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवात जातं, लिव्हरला वळसा घालून वर छातीतून चढतं आणि मानेच्या तळाशी डावीकडे शिरेत मिसळतं, हा लांबचा रस्ता कोणाच्याच लक्षात राहत नाही म्हणून नळी पांढरी ठेवलीय. ग्लुकोज पेशीत शिरताना सोडियमला सोबत घेऊन शिरतं आणि मागोमाग पाणी जातं, जुलाबात नुसत्या पाण्याऐवजी साखर-मिठाचं ओआरएस देतात ते याचसाठी. या भिंतीच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात, त्यामुळे मागच्या आठवड्यातलं अस्तर आज तुमच्याकडे जवळपास नाहीच.

पाण्याचा हिशोबही बघण्यासारखा आहे. दिवसभरात आपण पितो-खातो त्यातलं साधारण 2 लिटर आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून साधारण 7, असं 9 लिटर नळीत उतरतं, त्यातलं बहुतेक लहान आतडंच परत ओढतं. मोठ्या आतड्याकडे लिटर-दीड लिटर येतं आणि शौचावाटे जातं जेमतेम 100-200 मिली. शिवाय मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया आपल्याला न पचलेलं फायबर खातात, त्यातून बनलेली फॅटी ॲसिड आतड्याच्या पेशींना खाऊ घालतात आणि बदल्यात गॅस देतात.

लांबीवरून फोन येतात म्हणून सांगतो, लहान आतडं 6-7 मीटर असं पुस्तकात असतं ते मृतदेहात मोजलेलं, जिवंत माणसात स्नायू आवळलेले असतात त्यामुळे कमी भरतं. आमचं तर त्याहून छोटंय, नाहीतर झाकण लागलं नसतं.

परत बसवताना आधी स्वादुपिंड, मग मोठं आतडं, त्याच्या चौकटीत लहान आतडं, मग जठर आणि सगळ्यात शेवटी लिव्हर. क्रम चुकला की झाकण अर्धा इंच वर राहतं, ठोकून बसवायला जाऊ नका, पित्ताशयाची पिन तुटते. अपेंडिक्सचा चिमुकला तुकडा हमखास हरवतो, कळवा, दुसरा पाठवून देऊ.