फॉस्फोरिलेशन आणि ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर

कुठला जीन कधी वाचायचा हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रोटीन्स ठरवतात, आणि या प्रोटीन्सना कामाला जुंपायचं की घरी बसवायचं हे बऱ्याचदा एका फॉस्फेटवर ठरतं. कायनेज एन्झाइम एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट काढून प्रोटीनमधल्या सेरीन, थ्रिओनिन नाहीतर टायरोसिन या अमिनो ॲसिडवर बसवतं, यालाच फॉस्फोरिलेशन म्हणतात, आणि फॉस्फेटेज एन्झाइम तो परत काढतं, म्हणजे नवीन प्रोटीन बनेपर्यंत थांबायला नको, काही मिनिटांत काम होतं. प्रोटीनवरची ही उघडझाप १९५० च्या दशकात एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी स्नायूतल्या ग्लायकोजेन तोडणाऱ्या एन्झाइमवर दाखवली, १९९२ ला नोबेल मिळालं.

फॉस्फेट लागला की फॅक्टर चालू, असं सरसकट पाठ करून घेतात क्लासमध्ये, ते काही खरं नाही. स्टॅट नावाच्या फॅक्टरांच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसला की दोघं जोडी करून न्यूक्लियसमध्ये, म्हणजे जिथे जीन असतात त्या पेशीच्या केंद्रकात, शिरतात. क्रेब नावाच्या फॅक्टरच्या १३३ नंबरच्या सेरीनवर बसला की सीबीपी हे मदतनीस प्रोटीन येऊन चिकटतं आणि जीन वाचणं वाढतं. पण फॉक्सो या फॅक्टरचं उलटं, इन्सुलिन आलं की एकेटी कायनेज त्याला फॉस्फेट लावतं आणि तो न्यूक्लियसबाहेर पडतो, म्हणून जेवणानंतर लिव्हर नवीन साखर बनवणं कमी करतं. एनफॅट या फॅक्टरला तर न्यूक्लियसमध्ये जायला फॉस्फेट काढूनच टाकावा लागतो, आणि ते काढणाऱ्या कॅल्सिन्युरिनलाच सायक्लोस्पोरिन अडवतं, किडनी ट्रान्सप्लांटनंतर देतात त्यातलं हे एक औषध.

नाशिककरांना जवळचं उदाहरण द्राक्षाचं. बागेला पाण्याचा ताण बसला की वेलीत ॲब्सिसिक ॲसिड, म्हणजे एबीए हे हार्मोन वाढतं. एरवी पीपी२सी नावाची फॉस्फेटेजेस एसएनआरके२ कायनेजांना दाबून ठेवतात, एबीए रिसेप्टरला, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटलं की तो रिसेप्टर या फॉस्फेटेजांनाच धरून बसतो, मग मोकळी झालेली कायनेजेस एबीएफ फॅक्टरांना फॉस्फेट लावतात आणि ताण सोसायचे जीन चालू होतात. म्हणजे इथे चालू करणं म्हणजे खरं तर अडवणाऱ्याला अडवणं! ही साखळी मुख्यतः ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्याशा रोपात उलगडली, रिसेप्टर सापडले २००९ मध्ये.

मण्यात पाणी उतरताना, म्हणजे द्राक्ष पिकायला लागताना, एबीए आपोआपही वाढतं, म्हणूनच काळ्या-लाल जातींना रंग नीट यावा म्हणून त्याची फवारणी करतात. मग थॉमसन या पांढऱ्या जातीवर फवारणी केली तर ती काळी होईल का? नाही. रंगाचे जीन उघडणारा एमवायबीए१ हा वेगळा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे, पांढऱ्या द्राक्षांच्या बहुतेक जातींत त्याच्या जीनच्या तोंडाशीच एक उडता डीएनए तुकडा घुसून बसलाय आणि शेजारचा जोडीदार जीनही बिघडलेला आहे, त्यामुळे वरून निरोप कितीही आला तरी रंग भरायला लागणारा फॅक्टरच तयार होत नाही.