पॉवर ॲम्प्लिफायर आयसींची समांतर जोडणी

दोन किंवा अधिक पॉवर ॲम्प्लिफायर आयसींची (स्पीकर चालवण्याइतकी ताकद देणाऱ्या चिपची) आउटपुटे एकत्र आणून एकच स्पीकर चालवण्याची पद्धत. ४ ओहम किंवा त्याहून कमी रोधाचा स्पीकर एका आयसीला झेपत नाही, तेव्हा ती वापरतात. नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीने (२०११ पासून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन) एएन-११९२ या तांत्रिक टिपणात एलएम३८८६ या पॉवर ॲम्प्लिफायर आयसीच्या अशा जोडणीचे पूर्ण आराखडे दिले होते. त्यांतला बीपीए-२०० हा चार आयसींचा, समांतर आणि ब्रिज (स्पीकरच्या दोन टोकांना परस्परविरुद्ध दिशेने चालणाऱ्या आयसी जोडणे) या दोन्ही पद्धती एकत्र करणारा आहे.

समांतर जोडणीने व्होल्टेज वाढत नाही. वाढते ती प्रवाह पुरवण्याची ताकद. ४ ओहमच्या स्पीकरवर दोन आयसी लावल्या की प्रत्येकीच्या वाट्याला जणू ८ ओहमचाच भार येतो. ब्रिज जोडणीत याच्या उलट घडते: स्पीकरवरचे व्होल्टेज दुप्पट होते आणि प्रत्येक आयसीला स्पीकरच्या निम्म्या रोधाचा भार ओढावा लागतो. या दोहोंची गल्लत झाली की आयसी जळतात.

खरा लाभ उष्णतेचा आहे. ±३५ व्होल्टचा पुरवठा आणि ४ ओहमचा भार असेल, तर एकट्या आयसीत सर्वांत वाईट स्थितीत सुमारे ६२ वॅट उष्णता निर्माण होते. एलएम३८८६ मध्ये दर वॅटमागे आतला सिलिकॉनचा तुकडा पाठीच्या पत्र्यापेक्षा सुमारे १ अंश सेल्सिअस जास्त तापतो. म्हणजे हीटसिंक (आयसीची उष्णता हवेत टाकणारा धातूचा भाग) कितीही मोठा घेतला तरी हा ६२ अंशांचा फरक राहणारच. दोन आयसींत तो ३१ वर येतो. एकूण उष्णता मात्र तेवढीच असल्याने हीटसिंक लहान करून चालत नाही.

धोका असतो तो आयसींच्या आपापसांतल्या ओढाताणीचा. ॲम्प्लिफायरचा आउटपुट रोध जवळजवळ शून्य असतो. म्हणून दोन आउटपुटे थेट तारेने जोडली आणि त्यांच्या व्होल्टेजमध्ये थोडासाही फरक असला, तरी स्पीकरला वगळून एकीतून दुसरीत मोठा प्रवाह फिरू लागतो. त्यामुळे प्रत्येक आउटपुटला आधी ०.१ ओहमचा रेझिस्टर जोडून मगच ती एकत्र आणतात. ४ ओहममध्ये १०० वॅट देताना अशा प्रत्येक रेझिस्टरमध्ये जेमतेम ०.६ वॅट खर्च होतो. तरी ३ ते ५ वॅटचा घ्यावा.

पण नुसत्या या रेझिस्टरवर विसंबू नये. समजा, गेन (इनपुटचे व्होल्टेज आउटपुटला किती पट होते ते) २१ आहे आणि तो ठरवणारे रेझिस्टर १ टक्का अचूकतेचे आहेत. दुर्दैवाने सगळ्या चुका एकमेकींच्या विरुद्ध पडल्या तर २५ व्होल्टच्या शिखरावर दोन आउटपुटांत सुमारे ०.९५ व्होल्टचा फरक पडेल आणि ०.२ ओहममधून पावणेपाच अँपिअर प्रवाह फुकट फिरेल. ०.१ टक्क्याचे रेझिस्टर घेतले तर हाच प्रवाह अर्ध्या अँपिअरखाली राहतो. काटकसर करायची तर दुसरीकडे करावी, इथे नाही.

डीसी ऑफसेटचेही (सिग्नल नसतानाही राहणाऱ्या छोट्या स्थिर व्होल्टेजचेही) तसेच. एलएम३८८६ चा इनपुट ऑफसेट १० मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. तो २१ पट वाढून दोन आयसींत विरुद्ध दिशांना गेला, तर सिग्नल नसतानाही दोन अँपिअर वाहतील. फीडबॅकच्या (आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत आणणाऱ्या जोडणीच्या) ग्राउंडकडे जाणाऱ्या शाखेत कपॅसिटर घातला की डीसीसाठी गेन १ होतो आणि हा प्रवाह ०.१ अँपिअरवर येतो. मात्र इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २० टक्क्यांनी कमीजास्त असतात, म्हणून बासच्या खालच्या स्वरांत गेन पुन्हा बिघडू शकतो. त्यावर मोठा कपॅसिटर किंवा डीसी सर्व्हो (ऑफसेट आपोआप शून्याकडे आणणारे सर्किट) हे उपाय आहेत. इनपुटचा कपॅसिटर दोघींना मिळून एकच ठेवावा आणि म्यूटच्या (आवाज बंद ठेवणाऱ्या) पिना एकाच वेळी सुटतील अशा जोडाव्यात.

टीडीए७२९३ या दुसऱ्या पॉवर ॲम्प्लिफायर आयसीत निराळी सोय आहे. एक आयसी मास्टर, बाकीच्या स्लेव्ह. स्लेव्हचे इनपुट आणि गेनचे टप्पे बंद राहतात, मास्टरच सर्वांचे आउटपुट टप्पे चालवते. म्हणून मध्ये रेझिस्टर लागत नाहीत. बूटस्ट्रॅपच्या (आउटपुट टप्प्याला जादा व्होल्टेजचा आधार देणाऱ्या) पिना एकत्र जोडून तिथला कपॅसिटर आयसींच्या संख्येगुणिले २२ मायक्रोफॅरड घ्यावा लागतो. दिसायला तशीच असलेली १५ पायांची टीडीए७२९४ तिच्या जागी चालत नाही, कारण तिच्यात ही सोयच नाही.

पहिल्यांदा वीज देताना मेन्सच्या वायरीत सिरीज बल्ब (काही चुकले तर प्रवाह मर्यादित ठेवणारा, ओळीने जोडलेला बल्ब) असावा आणि आउटपुटे वेगळीच ठेवावीत. प्रत्येक आयसीचा ऑफसेट मोजून मगच ती जोडावीत. नंतर स्पीकर न लावता ०.१ ओहमच्या रेझिस्टरवरचे व्होल्टेज पाहावे: १० मिलिव्होल्ट म्हणजे १०० मिलिअँपिअर फिरता प्रवाह. हीच मोजणी १ किलोहर्ट्झचा सिग्नल देऊन आणि पुन्हा २० हर्ट्झला करावी. कपॅसिटरमधला फरक दुसऱ्या वेळी उघड होतो.