गिश, लिलियन

(१४ ऑक्टोबर १८९३ – २७ फेब्रुवारी १९९३). अमेरिकन नाट्य-चित्रपट अभिनेत्री. १९०२ मध्ये बालकलाकार म्हणून ती रंगमंचावर आली आणि १९८७ मध्ये तिचा अखेरचा चित्रपट प्रदर्शित झाला. म्हणजे कारकीर्द पंच्याऐंशी वर्षांची. नुसती पडद्यावरची मोजली तरी पंचाहत्तर भरतात. मूकपटांची थोर नायिका अशी तिची ओळख सांगतात. ती खरी असली तरी अपुरी आहे, कारण मूकपटांत ती जेमतेम सोळा-सतरा वर्षे होती. तिच्या बरोबरीच्या बहुतेक तारका १९३० नंतर दिसेनाशा झाल्या आणि ही काम करीत राहिली. याचे श्रेय तिच्या प्रसिद्ध चेहऱ्याइतकेच लहानपणी भोगलेल्या फिरत्या नाटकमंडळीलाही द्यावे लागते.

तिचा जन्म ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्डचा. वडील जेम्स दारूच्या आहारी गेलेले आणि घराला पारखे झालेले. दोन मुलींना घेऊन आई मेरी न्यूयॉर्कला आली व पोटासाठी नाटकात शिरली, मागोमाग मुलीही. आठ वर्षांची लिलियन ओहायोतच रायझिंगसन नावाच्या गावात पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर उभी राहिली. पुढची दहाएक वर्षे आगगाडीचे डबे, स्वस्तातली बिऱ्हाडे आणि रोज नवे गाव यांत गेली. आई एका मंडळीत, मुली दुसऱ्या, असेही पुष्कळदा होई. शाळा अशी फारशी झालीच नाही. मुलांना नाटकात राबवण्याविरुद्ध कायदे होते, त्यामुळे वय लपवण्याची सवयही याच दिवसांतली. अभिनय ही कला आहे हे तिला फार उशिरा सांगण्यात आले. त्याआधी ती आठवड्याचा पगार होती. वेळेवर हजर राहायचे, आजारी पडायचे नाही, मिळेल ते काम नीट करायचे, हा त्या दिवसांतला धडा ती शेवटपर्यंत विसरली नाही.

याच भटकंतीत ग्लॅडिस स्मिथ नावाच्या बालनटीच्या कुटुंबाशी गिश मायलेकींचा घरोबा जमला. १९१२ मध्ये एका चित्रपटगृहात ग्लॅडिस पडद्यावर दिसली, म्हणून चौकशीला दोघी बहिणी न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरील बायोग्राफ कंपनीत गेल्या. ग्लॅडिसने तोवर मेरी पिकफर्ड हे नाव घेतले होते. तिने दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथशी ओळख करून दिली. पुढची हकिकत लिलियनने अनेकदा सांगितली आहे. ग्रिफिथने दोघींच्या केसांना निराळ्या रंगांच्या फिती बांधल्या, कारण कोण कोण हे त्याला कळेना. आणि तालमीत मुली खरोखर घाबराव्यात म्हणून छताकडे पिस्तूल झाडले. ‘ॲन अनसीन एनिमी’ (१९१२) हा दोघींचा पहिला चित्रपट असा तयार झाला. धाकटी डॉरोथी (१८९८–१९६८) पुढे विनोदी भूमिकांत चमकली. ती अधिक गुणी नटी आहे असे लिलियन म्हणत असे. निदान जाहीरपणे तरी.

ग्रिफिथकडची नऊ-दहा वर्षे हा तिचा घडणीचा काळ. फिल्म महाग, म्हणून तो चित्रीकरणाआधी भरपूर तालमी घेई. नटांनी नृत्य शिकावे, व्यायाम करावा, रस्त्यावरची माणसे न्याहाळावीत असा त्याचा आग्रह असे. कॅमेरा चेहऱ्याजवळ आला की रंगभूमीवरचे हातवारे हास्यास्पद दिसतात हे लिलियनच्या लवकर ध्यानात आले. तिने चेहरा जवळजवळ स्थिर ठेवून भाव डोळ्यांत आणि बोटांत आणला. ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ (१९१९) या चित्रपटात बापाच्या माराने खचलेली मुलगी दोन बोटांनी ओठांची टोके वर ढकलून हसू तयार करते. ही कल्पना तिचीच. त्याच चित्रपटात बाप कुऱ्हाडीने दार फोडत असताना कपाटात कोंडलेली ती मुलगी पिंजऱ्यातल्या जनावरासारखी गरगर फिरते. आवाज नसलेल्या पटातली ती किंकाळी आजही अंगावर येते. (चित्रपटातील चिनी नायक मात्र रिचर्ड बार्थेल्मेस हा गोरा नट रंगरंगोटी करून झाला आहे. त्या काळी ते कुणाला खटकले नाही. आज खटकल्यावाचून राहत नाही.) हेन्ड्रिक सार्टोव्ह या छायाचित्रकाराचे मऊ, धूसर भिंग तिला मानवते हे तिनेच हेरले आणि त्याला ग्रिफिथकडे आणले. स्वतःच्या प्रकाशयोजनेकडे इतके बारीक लक्ष देणाऱ्या नट्या त्या पिढीत थोड्याच.

‘वे डाऊन ईस्ट’ (१९२०) मध्ये नायिका नदीतल्या वाहत्या हिमखंडावर बेशुद्ध पडलेली असते. व्हरमाँटमधील व्हाइट रिव्हर जंक्शनजवळ, हाडे गोठवणाऱ्या थंडीत तिने हे दृश्य स्वतः केले. केस आणि एक हात पाण्यात सोडायची सूचनाही तिचीच, आणि दृश्य पुन्हा पुन्हा घेतले गेल्यामुळे त्या हाताच्या बोटांना कायमची इजा झाली. त्याच वर्षी तिने ‘रीमॉडेलिंग हर हजबंड’ दिग्दर्शित केला. त्यात डॉरोथी नायिका होती. या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. तिने पुन्हा कधी दिग्दर्शन केले नाही.

या कालखंडावरचा डाग म्हणजे ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५). तंत्रदृष्ट्या थक्क करणारा हा चित्रपट कृष्णवर्णीयांना हिंस्र व लंपट ठरवतो आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला तारणहार म्हणून उभे करतो. लिलियन त्यात एल्सी स्टोनमन झाली होती. प्रदर्शित होताच त्याविरुद्ध निदर्शने झाली आणि त्याच वर्षी क्लॅनचे पुनरुज्जीवनही झाले. ग्रिफिथला वंशद्वेष्टा म्हणणे तिने आयुष्यभर नाकारले. गुरूविषयीची निष्ठा समजू शकते. पण हा प्रश्न तिने कधी सरळ अंगावर घेतला नाही, हे नोंदवणे भाग आहे.

‘ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म’ (१९२१) नंतर ती ग्रिफिथपासून वेगळी झाली. इटलीत चित्रित झालेले ‘द व्हाइट सिस्टर’ (१९२३) व ‘रोमोला’ (१९२४) करून ती मेट्रो-गोल्डविन-मेयरकडे गेली. सहा चित्रपटांचे ८ लाख डॉलर, अशी त्या कराराची कीर्ती. प्रत्यक्षात चित्रपट पाचच झाले. कथा, दिग्दर्शक, सहनट यांबाबत तिचा शब्द चाले. ‘ला बोहेम’ (१९२६) मधील क्षयी मिमीच्या मृत्यूसाठी ती काही दिवस पाणी प्यायली नाही, तोंडात कापसाचे बोळे ठेवले. दृश्य संपल्यावरही ती हलेना तेव्हा दिग्दर्शक किंग व्हिडॉर खरोखरच धास्तावला. ‘द स्कार्लेट लेटर’ (१९२६) ज्या कादंबरीवरून झाला तिला चर्चच्या मंडळींचा विरोध होता. त्यांना पत्रे लिहून तिने तो मावळवला आणि स्वीडिश दिग्दर्शक व्हिक्टर स्योस्ट्रोमची निवड केली.

तिघांच्याही, म्हणजे तिच्या, स्योस्ट्रोमच्या आणि नायक लार्स हॅन्सनच्या, नावावर सर्वोत्तम म्हणून जमा होईल असा ‘द विंड’ (१९२८) ही तिचीच निवड. टेक्ससच्या माळरानावरच्या वाऱ्याने वेडीपिशी होत जाणाऱ्या तरुणीची ही गोष्ट मोहावीच्या वाळवंटात चित्रित झाली. विमानाचे आठ पंखे वाळू उडवीत आणि उष्मा ४९ अंश सेल्सियसच्या घरात. चित्रपट लोकांसमोर आला तेव्हा पडदा बोलू लागला होता. मूकपट पाहायला कुणी थांबले नाही. पहिला बोलपट ‘वन रोमँटिक नाइट’ (१९३०) फारसा चालला नाही. हॉलिवूडमध्ये तिचे दिवस भरले असे बोलले जाऊ लागले, आणि ते चुकीचेही नव्हते.

ती मुकाट्याने रंगभूमीवर परतली. मधल्या काळात सतरा वर्षांची खाडी होती. १९३० मध्ये जेड हॅरिसने बसवलेल्या चेकॉव्हच्या ‘अंकल वान्या’मध्ये ती येलेना झाली. म्हाताऱ्या प्राध्यापकाची कंटाळलेली देखणी बायको ही भूमिका फार काही न करता साधावी लागते, आणि फार काही न करणे हे तर ती कॅमेऱ्यापुढे शिकलीच होती. टीकाकारांनी तिला उचलून धरले. ज्या कामाने चित्रपटात ती जुनी ठरली तेच इथे तिच्या उपयोगी पडले. १९३६ मध्ये जॉन गिलगुडच्या हॅम्लेटसमोर ती ऑफेलिया होती. तेव्हा तिचे वय बेचाळीस होते, पण ते कुणाला ठाऊक नव्हते.

१९४० मध्ये ‘लाइफ विथ फादर’ या विनोदी नाटकाचे प्रयोग तिने शिकागोत सुरू केले आणि ते सलग ६६ आठवडे चालले. त्याच नाटकाचा दुसरा संच घेऊन डॉरोथी इतर शहरांत दौरा करीत होती. याच सुमारास लिलियन ‘अमेरिका फर्स्ट’ या युद्धविरोधी समितीची सभासद झाली. तिचे म्हणणे असे की त्यामुळे काम मिळेनासे झाले. १९४१ मध्ये तिने समिती सोडली.

चित्रपटात ती परतली ती दुय्यम भूमिकांसाठी. ‘ड्युएल इन द सन’ (१९४६) या चित्रपटासाठी तिला ऑस्करचे एकमेव नामांकन मिळाले, साहाय्यक अभिनेत्रीचे. दिग्दर्शक तोच किंग व्हिडॉर आणि पडद्यावरचा नवरा लायोनेल बॅरीमोर, बायोग्राफच्या दिवसांतला जुना सहकारी. या टप्प्यातली अविस्मरणीय भूमिका मात्र ‘द नाइट ऑफ द हंटर’ (१९५५) मधली. चार्ल्स लॉटनने हा चित्रपट घेण्यापूर्वी ग्रिफिथचे जुने पट मुद्दाम पाहिले आणि ग्रिफिथची नायिकाच बोलावून आणली. अनाथ मुलांना सांभाळणारी म्हातारी मांडीवर बंदूक घेऊन रात्रभर डुलत्या खुर्चीत बसलेली असते; बाहेर रॉबर्ट मिचमचा खुनी उपदेशक भजन आळवतो आणि आतून ती त्याच्या सुरात सूर मिळवते. कधीकाळी बंद दाराआड थरथरणारी मुलगी आता दाराशी पहारा देत होती. चित्रपट पडला, लॉटनने पुन्हा दिग्दर्शन केले नाही. त्याची थोरवी फार मागाहून कळली.

दूरचित्रवाणीकडे नाक मुरडणाऱ्यांत ती नव्हती. १ मार्च १९५३ रोजी एनबीसी या वाहिनीवरून हॉर्टन फूटचे ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ थेट प्रक्षेपित झाले. मरण्याआधी एकदा आपले गाव पाहू इच्छिणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस वॉट्सची भूमिका पहिल्यांदा तिने केली आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरही नेली. तेथे प्रयोग थोडेच झाले. पुढे हीच भूमिका जेराल्डिन पेजला ऑस्कर आणि सिसिली टायसनला रंगभूमीवरचा टोनी पुरस्कार देऊन गेली; ज्या वाटेने त्या गेल्या ती हिने पाडलेली होती. १९६० च्या ‘ऑल द वे होम’ या नाटकाला पुलित्झर मिळाले, त्यातही ती होती.

१९७३ मध्ये माइक निकोल्सने ‘अंकल वान्या’ बसवले. येलेनाच्या भूमिकेत जुली ख्रिस्ती होती. लिलियनकडे म्हातारी दाई मरीना आली, समोवार (चहाचे रशियन पात्र) सांभाळणारी आणि सगळ्यांचा राग शांतपणे पिणारी. एकाच नाटकात त्रेचाळीस वर्षांच्या अंतराने दोन टोकांच्या दोन भूमिका!

उतारवयात तिने आणखी एक काम अंगावर घेतले, ते म्हणजे मूकपटांची वकिली. चित्रफिती कुजत होत्या, वितळवल्या जात होत्या. जुन्या पटांचे तुकडे घेऊन ती गावोगावी व्याख्याने देई. लहानपणच्या दौऱ्यांसारखेच ते दौरे. १९७१ मध्ये तिला मानद ऑस्कर, १९८२ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान आणि १९८४ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा जीवनगौरव मिळाला.

‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ (१९८७) हा तिचा शेवटचा चित्रपट. लिंडसे अँडरसनने तो मेन राज्यातील क्लिफ आयलंड या बेटावर चित्रित केला. तिथे दोन म्हाताऱ्या बहिणींची गोष्ट आहे. एक आंधळी, खाष्ट, दुसरी तिचे सगळे सोसून करणारी. आंधळ्या थोरल्या बहिणीचे काम बेटी डेव्हिसने केले आणि सेवा करणाऱ्या धाकटीचे लिलियनने. वास्तवात डेव्हिस तिच्याहून जवळजवळ पंधरा वर्षांनी लहान. चित्रीकरणादरम्यान लिलियनने त्र्याण्णव पूर्ण केली. मृत नवऱ्याच्या तसबिरीसमोर फुलदाणी ठेवून एकटीच लग्नाचा वाढदिवस साजरा करते त्या दृश्यात तिचे हात बघावेत. ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मधली बोटे तीच आहेत. नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू या चित्रपटविषयक संस्थेने तिला हॉली हंटरबरोबर सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला. ऑस्करचे नामांकन या चित्रपटातून ॲन सदर्नला मिळाले, तिला नाही.

तिने लग्न केले नाही. आई आणि बहीण हेच तिचे घर होते. डॉरोथी १९६८ मध्ये इटलीत वारली. लिलियनचे निधन न्यूयॉर्कमध्ये राहत्या घरी झोपेत झाले आणि सेंट बार्थोलोम्यू चर्चमध्ये तिला बहिणीशेजारी ठेवण्यात आले. तिच्या मृत्युपत्रानुसार सुरू झालेला ‘डॉरोथी अँड लिलियन गिश पुरस्कार’ १९९४ मध्ये पहिल्यांदा वास्तुरचनाकार फ्रँक गेरीला व पुढच्या वर्षी इंगमार बर्गमनला मिळाला.

ओहायोतील बोलिंग ग्रीन विद्यापीठाने १९७६ मध्ये आपल्या चित्रपटगृहाला दोघी बहिणींचे नाव दिले होते. २०१९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मागणीवरून ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मुळे ते काढण्यात आले. मार्टिन स्कोर्सेसी, जेम्स अर्ल जोन्स, हेलन मिरेन आदींनी या निर्णयाचा निषेध केला. पण नाव परत लागले नाही.

जुन्या संदर्भग्रंथांत तिचे जन्मवर्ष १८९६ असे आढळते. तीन वर्षे तिने स्वतःच कमी केली होती, आणि ती चूक अनेक कोशांनी दशकानुदशके जशीच्या तशी छापली.