घडीचा सँडविच तवा

बिजागरीने जोडलेल्या दोन उथळ ताटल्या, प्रत्येकीला एक दांडा आणि दोन्ही दांडे आवळून धरणारी एक कडी, एवढेच हे भांडे. मिटले की चपटी डबी, उघडले की दोन लहान तवे. दुकानात त्याला गॅस टोस्टर म्हणतात, घरात नुसते टोस्टर. विदर्भातल्या खेड्यांत बऱ्याच घरी ते लग्नाच्या आहेरात आले, चार दिवस त्याचे कौतुक झाले आणि मग ते माळ्यावर गेले. गावात ब्रेड रोज मिळत नाही आणि चुलीवर भाकर होत असताना टोस्टची आठवण कुणाला येणार? मात्र रात्री शेतात मुक्काम करायचा असेल, सोबत चूल नाही, परात नाही, भांडी वाहून न्यायला माणूस नाही, अशा वेळी याच्याइतके कामाचे दुसरे भांडे क्वचितच सापडते. ही नोंद त्या वापराविषयी आहे.

दोन लोखंडी पानांत पीठ दाबून विस्तवावर भाजण्याची रीत युरोपात मध्ययुगापासून आहे. चर्चमधल्या प्रसादाच्या पातळ चकत्या लांब दांड्याच्या अशाच चिमट्यात भाजत. ऑस्ट्रेलियात १९४९ साली सिडनीतल्या बाँडाय येथील अर्नेस्ट स्मिथर्स यांनी जॅफल आयर्न या नावाने त्याचे पेटंट घेतले आणि तिथल्या रानमुक्कामांत ते रुळले. अमेरिकेत त्याला पाय आयर्न (pie iron) म्हणतात. तिकडचा तवा बहुधा ओतीव लोखंडाचा किंवा जाड ॲल्युमिनियमचा असतो. दांडा हातभर लांब असतो आणि काठ असे बसतात, की पावाच्या कडा दाबल्या जाऊन आतले सारण बंद होते. आपल्याकडचा तवा गॅसच्या शेगडीसाठी घडवलेला असल्याने पातळ, आखूड दांड्याचा आणि सहसा चौकोनी असतो. मधे तिरपी उंच रेघ असते, तिने सँडविचचे दोन त्रिकोण पडतात. शेतावर नेण्यासाठी विकत घ्यायचाच असेल तर ही रेघ नसलेला, सपाट बुडाचा घ्यावा. रेघेच्या तव्यात ब्रेड सोडून दुसरे काही नीट होत नाही.

भांडे बाहेरचे असले तरी त्यामागची युक्ती विदर्भाला नवी नाही. इथले पानगे याच युक्तीवर होतात. गव्हाच्या जाडसर पिठात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळायचे, गोळा थापायचा, पळसाच्या दोन पानांमध्ये दाबायचा आणि गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे धगधगत्या निखाऱ्यांत, ठेवून द्यायचा. वरचे आणि खालचे पान मिळून मिटलेला तवाच होतो. पान करपते, पण आतला पानगा वाफेवर शिजून मग खरपूस होतो. रोडगे त्याच कुळातले, फक्त त्यांना पानाचा आधार नसतो. त्यामुळे ज्यांना पानगे येतात त्यांना या तव्याचे वेगळे शिक्षण लागत नाही. शहरातून येणारे लोक तो ज्वाळेवर धरून ब्रेड जाळून घेतात, जागलीचा माणूस तो आरावर ठेवतो.

जागल म्हणजे पिकाची रात्रीची राखण. हरभरा घाट्यावर आला, तूर भरली, गहू ओंबीवर आला की रोही (नीलगायी) आणि रानडुकरे शेतात उतरतात. एका रात्रीत एक कळप अर्ध्या वावराची वाट लावतो. म्हणून कार्तिकापासून माघापर्यंत कुणीतरी मचाणीवर किंवा झोपडीत झोपायला जातोच. विदर्भाच्या ग्रामीण भागातला सर्वात मोठा रानमुक्काम हाच. चिखलदऱ्याच्या सहली, नवेगावबांधच्या तलावाकाठची शिबिरे, हुरड्याच्या रात्री हे सगळे त्यानंतर. या दिवसांत थंडी कडाक्याची असते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि उघड्या वावरात गारठा शहरापेक्षा जास्तच झोंबतो. संध्याकाळी बांधून आणलेली भाकर मध्यरात्री गार आणि वातड झालेली असते. त्या वेळी दहा मिनिटांत हातात काहीतरी गरम येणे ही चैन नाही, पहाटेपर्यंत जागे राहायला तेवढा आधार लागतोच.

सगळे कसब विस्तवाचे आहे. पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडे, शिवारात हवी तेवढी मिळते. ती भसकन पेटते, पण तिचा आर टिकत नाही, पाच मिनिटांत राख होते. जाळ लावायला ती उत्तम, भाजायला नाही. भाजण्यासाठी बाभळीचा किंवा धावड्याचा ओंडका हवा, नाहीतर वाळलेल्या गोवऱ्या. कण्हेर आणि बेशरम या विषारी झाडांच्या काड्या स्वयंपाकाच्या विस्तवात घालू नयेत. आधी शेकोटी पेटू द्यावी, अंग शेकावे, गप्पा व्हाव्यात. तासाभराने ज्वाळा बसून वर पांढुरकी राख धरली की काठीने मूठ-दोन मूठ आर बाजूला ओढावा. त्याच्या भोवती तीन दगड मांडून त्यांवर तवा ठेवावा, म्हणजे आखूड दांड्याचा प्रश्न उरत नाही. तळहात आराच्या वर वीतभर अंतरावर धरावा. चार-पाच आकडे मोजेपर्यंत सोसवला तर आर बेताचा. दोनलाच हात मागे आला तर वर थोडी राख पसरावी.

तवा मिटल्यावर आतले दिसत नाही, म्हणून कान आणि नाक वापरावे लागते. पहिल्यांदा चर्र आवाज येतो आणि दोन ताटल्यांच्या फटीतून वाफेची बारीक रेघ निघते. ती दिसते आहे तोवर आत पाणी आहे, उघडायची घाई करू नये. उघडले तर सारण एका ताटलीला आणि पाव दुसरीला चिकटतो. वाफ कमी होऊन आवाज मंद झाला की तवा उलटा करावा. दुसऱ्या बाजूला पहिलीपेक्षा कमी वेळ लागतो. भाजल्याचा गोड वास यायला लागला की झाले. कडी तापलेली असते, ती बोटाने नव्हे तर काडीने सरकवावी. जागलीवर हात भाजला तर मलम आणायला गावात जावे लागते.

तव्याच्या धातूकडे लक्ष द्यावे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि फुंकलेला लाकडाचा आर त्याहूनही तापू शकतो. रिकामा पातळ तवा लालबुंद आरात विसरला तर बुड वाकते, कधी भोकही पडते. न चिकटणाऱ्या काळ्या लेपाचे तवे आरावर नेऊच नयेत. तो लेप २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो आणि त्याचा धूर घातक असतो. दांड्याला बॅकेलाइटची मूठ असेल तर ती विस्तवाबाहेर राहील असे पाहावे, ती वितळत नाही पण करपून तडकते. ओतीव लोखंडाचा तवा मिळाला तर तोच घ्यावा. जड आहे खरा, पण उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि एकदा तेल पिऊन काळा झाला की आयुष्यभर पुरतो.

या तव्यात सर्वात छान होतो तो पानगाच. पळसाला पाने तीनच, आणि त्या तिनांतले मधले सर्वात मोठे. ते तव्याच्या एका ताटलीत बरोबर मावते. पान धुऊन, देठ काढून खाली एक घालावे, त्यावर तळहाताएवढा, अर्ध्या बोटाच्या जाडीचा थापलेला पानगा, वर दुसरे पान. तव्याला तेल लावायची गरज नाही, पानच त्याला चिकटू देत नाही. मंद आरावर एक बाजू सहा-सात मिनिटे, मग उलटून पाचेक मिनिटे. उघडल्यावर पान तपकिरी होऊन सुटून येते आणि पानग्यावर त्याच्या शिरांची नक्षी उमटलेली असते. पानाचा धुरकट वास त्यात उतरतो, तो घरच्या तव्यावर येत नाही. मधोमध मोडून तुपाचा गोळा घालावा, किंवा सोबत आणलेल्या जवसाच्या चटणीवर तेल ओतून खावे. माघाअखेर पळस निष्पर्ण होऊन फुलायला लागतो. तेव्हा पत्रावळीची वाळलेली पाने पाण्यात भिजवून वापरतात.

ब्रेड मिळाला तर आलूचे सारण सोपे. घरूनच उकडून नेलेला आलू कुस्करायचा, हिरवी मिरची, मीठ आणि भरपूर सांबार चिरून घालायचा. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाने ध्यानात ठेवावे. ब्रेडपेक्षाही शिळी पोळी बरी, असे या नोंदीचे मत आहे. पोळीच्या मधे घट्ट चून (पिठले) पसरून चौकोनी घडी घालावी आणि दोन्हीकडून फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलाचे बोट फिरवून तव्यात दाबावी. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ होते आणि पोळी वाया जात नाही. ठेचा असेल तर ठेचा, गूळ-तीळ असतील तर तेही चालतात, फक्त गूळ वितळून बिजागरीत गेला की सकाळी घासताना जीव जातो. एक-दोन अंडी कांदा-मिरचीसह फेटून सपाट तव्यात ओतली की दोन मिनिटांत चौकोनी पोळा निघतो. ज्वारीच्या पिठाचे धिरडेही होते, पीठ मात्र पळीवाढे हवे. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या तलावांच्या मुलखात, मासळीचे पातळ तुकडे हळद-तिखट लावून पानात गुंडाळून भाजता येतात.

काही गोष्टी मात्र यात करू नयेत. भाकर होत नाही, तिला फुगायला मोकळी जागा आणि उघडा विस्तव लागतो. हुरडाही होत नाही, कणीस आरात पुरूनच भाजावे आणि गरम असताना हातावर चोळावे. भरताचे वांगे थेट निखाऱ्यावरच टाकावे. अंबाडी, चिंच, टमाटर यांसारखे आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या तव्यात घालू नयेत, आंबटाने धातू झिजतो आणि चवही बिघडते.

विस्तव कुठे लावायचा, याबाबत विदर्भात हयगय चालत नाही. इथली बरीच शिवारे साग आणि पळसाच्या रानाला लागून आहेत. पानगळ झाली की जमिनीवर गुडघाभर पाचोळा साचतो. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि मेळघाट, ताडोबा, नागझिरा यांसारख्या राष्ट्रीय उद्यानांना आणि अभयारण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. म्हणून हा स्वयंपाक नांगरलेल्या वावरात, धुऱ्यापासून (बांधापासून) आणि कडब्याच्या गंजीपासून दूर करावा. जवळ पाण्याची घागर असावी. उठताना आरावर पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतावे, वरून फक्त माती लोटली तर आत विस्तव धुमसत राहतो. थंडी वाजते म्हणून आर घमेल्यात भरून ताडपत्रीच्या झोपडीत घेऊन झोपणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही.

लोखंडी तवा गरम असतानाच कोरड्या राखेने आणि काथ्याने घासावा. ॲल्युमिनियमला ओली राख लावून रात्रभर ठेवू नये, राखेतल्या क्षाराने तो काळवंडतो आणि खवला जातो. त्याला साबण-पाणी पुरते. मग पुसून, आतून तेलाचे बोट फिरवून, दोन्ही ताटल्या किंचित उघड्या ठेवून मचाणीच्या बांबूला टांगावा. ओला तवा मिटून पिशवीत घातला तर सर्वात आधी बिजागरी गंजते.